वीस रुपयांची धार

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. आमच्या इमारतीच्या फाटकाशी ‘चाकू, सुरी, कात्रीला धाऽऽर’ अशी हाळी ऐकू आली आणि तिच्या पाठोपाठ वॉचमनचा आवाज, ‘चला काका, पुढं व्हा, इथं थांबायची परमिशन नाय.’ आम्ही खिडकीतून पाहिले. साठीकडे झुकलेला एक माणूस, अंगात मळका सदरा, सायकलच्या मागच्या बाजूला लोखंडी सांगाडा, त्यावर दगडी चाक आणि चाकाला जोडणारा पट्टा. वॉचमनही काही साहेब नव्हता. बारा तास उभे राहून महिन्याच्या शेवटी ठेकेदार देईल ते मुकाट्याने घेणारा तोही आपलाच. त्याला हुकूम होता, तो हुकूम बजावत होता. फाटकावर पाटी आहे, ‘फेरीवाले व विक्रेते यांना प्रवेश नाही.’ ती पाटी सोसायटीच्या ज्या बैठकीत मंजूर झाली, त्या बैठकीला आम्हीही हजर होतो आणि हात वर करणाऱ्यांत होतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

आम्ही खाली गेलो. घरातल्या दोन सुऱ्या, एक कात्री आणि आईच्या वेळची विळी नेली. त्या विळीवर आता कोणी बसत नाही, पण टाकवतही नाही. धारवाल्याने सुरीचे वीस रुपये सांगितले, कात्रीचे चाळीस, विळीचे पन्नास. आमच्या तोंडून सवयीने निघून गेले, ‘काका, पंधरा घ्या की.’ त्यांनी मान वर न करता सायकल स्टॅण्डवर चढवली आणि म्हणाले, ‘साहेब, पंधरात चाक फिरतं, धार नाही लागत.’

आम्ही गप्प बसलो. परंतु त्या वाक्याने आमचा पिच्छा सोडला नाही. वीस रुपये ही कशाची किंमत आहे? पोलादाची नाही, ते आमचे. दगडाची थोडीफार. बाकी सगळी किंमत हाताची आणि डोळ्यांची. सुरी चाकावर किती तिरकी धरायची, किती दाबायची, कधी उचलायची, हे कोणत्याही पुस्तकात वाचून येत नाही. जास्त दाबली तर पाते तापते, त्यावर निळसर झाक चढते आणि लोहाराने भट्टीत दिलेले ‘पाणी’ उतरते. मग धार लागल्यासारखी दिसते आणि चौथ्या दिवशी जाते. एका बाजूने जास्त घासली तर सुरी कांदा सरळ कापत नाही, तिरकी पळते. काकांनी प्रत्येक सुरी दोन-तीनदा पाण्यात बुडवली, शेवटी बारीक दगडावर हलकेच फिरवली आणि अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली. एका सुरीला पाच-सहा मिनिटे लागली. जो माणूस पंधरा रुपयांत दीड मिनिटात ‘धार’ लावून देतो, तो खरे म्हणजे आपल्या सुरीचे आयुष्य घासून नेतो. पण ते आपल्याला कळत नाही. आपल्याला पाच रुपये वाचल्याचे कळते.

काका सांगत होते, चांगला दिवस असला तर पंचवीस-तीस सुऱ्या होतात. म्हणजे फार तर सहाशे रुपये. त्यातून चहा, दुपारचे जेवण, सायकलचा टायर, झिजणारे चाक. पावसाचे दिवस जवळजवळ रिकामे. पूर्वी न्हाव्यांचे वस्तरे यायचे, ते एड्सच्या भीतीने अर्ध्या ब्लेडवर गेले आणि तेव्हापासून ते गिऱ्हाईक संपले. शिंप्यांच्या मोठ्या कात्र्या यायच्या, आता लोक तयार कपडे घालतात. खाटीक उरला, हॉटेलवाले उरले. घरोघरी तीस-चाळीस रुपयांना मिळणारी प्लॅस्टिकच्या मुठीची सुरी आली. तिची धार गेली की लोक तिला धार लावत नाहीत, फेकून देतात आणि दुसरी आणतात. नवी सुरी चाळीसला आणि धार वीसला, असा हिशोब असल्यावर धारवाल्याने तीस कसे मागावेत? त्याच्या मजुरीची कमाल मर्यादा सरकारने नव्हे, कारखान्यातल्या त्या फालतू सुरीने ठरवलेली आहे.

२०२२ च्या जुलैत सुऱ्या, चमचे, ब्लेड यांच्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी गृहिणीच्या बजेटवर रकाने भरले. त्या सुरीला धार लावणाऱ्याच्या बजेटवर एक ओळ आल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. असो.

आम्ही काकांना विचारले, तुमचा समाज कोणता? हा प्रश्न या देशात साधा नसतो, आम्हालाही तो विचारताना संकोच वाटला. ते म्हणाले, ‘आम्ही शिकलगार. आजा तलवारी साफ करायचा म्हणतात. बापानं विळे-कोयते केले. मी सुऱ्या करतो.’ तीन पिढ्यांचा इतिहास तीन वाक्यांत. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारे. राजे-महाराजांच्या आणि बादशहांच्या फौजा ज्या तलवारींनी लढल्या, त्या तलवारी ज्यांच्या हातांनी पाजवल्या गेल्या, त्या लोकांपैकी कोणी शीख आहेत, कोणी मुसलमान, कोणी हिंदू म्हणवतात. लढाया कोणी जिंकल्या हे शाळेत शिकवतात, पण तलवारीला धार कोणी लावली हे कोणत्या इयत्तेत शिकवतात? आज याच समाजातल्या पोरांकडे हत्याराचे काम येते म्हणून पोलीस आधी संशयाने पाहतात. महाराष्ट्राच्या यादीत शिकलगार आणि घिसाडी हे दोन्ही समाज भटक्या जमाती (ब) मध्ये आहेत. या गटाला राज्याच्या नोकऱ्यांत अडीच टक्के आरक्षण आहे, तेही इतर कितीतरी भटक्या जमातींबरोबर वाटून.

घिसाड्यांची पालं ज्यांनी गावाबाहेर पाहिली आहेत त्यांना ते चित्र आठवेल. रस्त्याकडेला जमिनीत पुरलेली ऐरण, भाता फुंकणारे पोर, सांडशीत लालबुंद फाळ धरून बसलेला नवरा आणि त्या फाळावर घण घालणारी बाई. कडेला झोळीत तान्हे मूल. पेरणीच्या आधी गावाला फाळ, विळा, कुऱ्हाड लागायची, म्हणून तेवढ्यापुरती ही माणसे गावाला लागायची. काम झाले की पाटील विचारायचा, कधी हलताय? त्यांना मिळायचे काय? कधी पायली-दोन पायल्या धान्य, कधी शिळी भाकर, कधी नुसती शिवी. गावातल्या लोहाराला तरी बलुते होते. वर्षभर शेतकऱ्याची अवजारे पाजवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन पेंढ्या मागायच्या. मागायच्या म्हणजे अक्षरशः मागायच्या. काम आधी केलेले, मोबदला नंतर आणि तो देणाऱ्याच्या मर्जीवर. अमुक कामाचे अमुक दाम असा हिशोब त्यात नव्हता. धार लावणे हे काम म्हणून धरलेच जात नव्हते. फाळ नवा केला तर काम, पाजवून दिला तर ‘जरा हात फिरवला’.

आमच्या मते आजच्या घासाघिशीचे मूळ इथे आहे. आम्ही पंधरा रुपये म्हणालो, ते खिशात वीस नव्हते म्हणून नव्हे. त्याच दिवशी संध्याकाळी घरपोच आलेल्या खाण्याचे जे पैसे पडले, त्यावर ‘डिलिव्हरी’ आणि ‘हँडलिंग’ अशा नावांनी लावलेली जादा रक्कम आम्ही एका बोटाने भरली, कोणाशी वाद घातला नाही. मोबाइलच्या पडद्यावरचा आकडा हा भाव असतो आणि सायकलवरच्या माणसाने सांगितलेला आकडा ही मागणी असते, असे आमच्या डोक्यात कोणी बसवले? ज्यांचे बापजादे स्वतः खळ्यावर पेंढी मागत उभे राहिले, त्यांच्या डोक्यातही ते बसावे, ही बलुत्याची खरी ताकद आहे.

बाबासाहेबांनी ही गाठ फार आधी ओळखली होती. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक आणले, ते १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे होते. त्यातला मुद्दा आजच्या पोरांना समजावून सांगायला हवा. महाराने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामे करायची आणि मोबदल्यासाठी गावकऱ्यांच्या दारी जायचे, ही पद्धत त्यांना मोडायची होती. बलुत्याच्या जागी ठरलेला, रोख, हक्काचा मोबदला असावा, असा आग्रह होता. पेंढी आणि पगार यांत फरक केवळ पैशाचा नाही. पेंढी घेणारा वाकतो आणि पगार घेणारा सही करतो. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गावकी वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले, तोवर बाबासाहेब आपल्यात राहिले नव्हते.

वतन गेले, परंतु धारेचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न गेला नाही. मराठवाड्यातला ऊसतोड मजूर पाहा. साखर कारखानदारीत माणसांची मोजणी ‘कोयत्या’त होते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. माणसे दोन, हिशोबात हत्यार एक. कोयता मजुराचा, कानस मजुराची आणि पहाटे फडात उतरण्याआधी कोयत्याला धार लावण्यात जाणारा वेळही मजुराचाच. मुकादमाने दिलेल्या उचलीत तो वेळ धरलेला नसतो. दर टनावर ठरतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवण्याचा तोडगा निघाला, चांगले झाले, त्यासाठी संप-आंदोलने करावी लागली. पण बोथट कोयत्याने टन भरत नाही हे कारखान्याला ठाऊक असूनही धारेचा घास मजुराच्याच ताटातून जातो. खाणीवर छिन्नी घेऊन बसणारा वडार, बांबू चिरणारा बुरूड, कातडे कापणारा चर्मकार, सगळ्यांची हीच गत आहे. हत्यार तयार ठेवण्याची मजुरी या देशात कोणी कोणाला देत नाही.

आता सरकार म्हणेल, आम्ही विश्वकर्मा योजना आणली की! आणली हे खरे. २०२३ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, १७ सप्टेंबरला सुरुवात झाली, पाच वर्षांसाठी १३,००० कोटींची तरतूद सांगितली गेली. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज. कोणा गरिबाच्या हाती यातले काही पडले असेल तर आम्हाला आनंदच आहे, कर्ज घेणाऱ्याला नावे ठेवणारे आम्ही कोण? परंतु योजनेतल्या अठरा व्यवसायांची यादी वाचा. सुतार, लोहार, होड्या बनवणारे, शस्त्रे बनवणारे, हातोडी व अवजारे बनवणारे, कुलूपवाले, सोनार, कुंभार, चर्मकार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी, हार गुंफणारे. यात धार लावणारा कुठे आहे? शिकलगाराने आज स्वतःला ‘शस्त्रे बनवणारा’ म्हणून नोंदवावे काय? तसे नोंदवले तर कर्जाआधी पोलीस दारी येतील! लोहार म्हणून नोंदवावे तर भट्टी कुठे आहे, असे पडताळणीला आलेला माणूस विचारेल. त्याच्याकडे आहे एक सायकल आणि एक चाक.

यादीत नाव नाही ही छोटी तक्रार झाली, ते एक परिपत्रक काढून घालता येईल. मोठी तक्रार यादीच्या मनाशी आहे. ही योजना गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबाचा पिढीजात व्यवसाय बळकट करू पाहते आणि तिचे दार अठराव्या वर्षापासून उघडते. अठरा वर्षांचे पोर म्हणजे बारावी झालेले पोर. त्याला कॉलेजची फी द्यायची की बापाचा घण? १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ हे भाषण लाहोरला होऊ दिले गेले नाही, ते बाबासाहेबांनी छापून काढले. जातिव्यवस्था कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच जन्मावरून वाटून टाकते, हा त्यातला मुद्दा. त्याच वर्षी गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्याला उत्तर देताना वडिलोपार्जित व्यवसायाने पोट भरण्याच्या तत्त्वाची बाजू घेतली होती. विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीचा मोठा सोहळा २० सप्टेंबर २०२४ ला झाला, तो नेमका वर्ध्यात. योगायोग म्हणून सोडून देऊ.

तामिळनाडूच्या तेव्हाच्या द्रमुक सरकारने योगायोग म्हणून सोडले नाही. कुटुंबाचा पिढीजात व्यवसाय असण्याची अट काढा आणि किमान वय ३५ करा, म्हणजे ज्याने आयुष्याचा मार्ग स्वतः निवडला आहे त्यालाच मदत मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. केंद्राने ऐकले नाही, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी आहे त्या रूपात योजना राबवणार नाही असे कळवले आणि २०२५ मध्ये आपली वेगळी योजना सुरू केली. महाराष्ट्र फुले-शाहू-आंबेडकरांचा, असे प्रत्येक सभेत सांगणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी हा वयाचा आणि पिढीजात धंद्याचा मुद्दा मुंबईत किंवा दिल्लीत लावून धरला?

दुसरी एक गोष्ट याच काळात घडली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत अमुक जातीच्या कैद्याने झाडू मारायचा, अमुक जातीच्या कैद्याने स्वयंपाक करायचा, असे लिहिलेले होते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ते घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मतः सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदीही गेल्या. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला १९५२ ला, आणि त्याची सावली तुरुंगाच्या नियमावलीतून निघायला आणखी बहात्तर वर्षे लागली. म्हणजे आज परिस्थिती अशी आहे की तुरुंगात कैद्याला त्याच्या जातीचे काम देता येत नाही आणि तुरुंगाबाहेर जातीचे काम चालू ठेवावे म्हणून स्वस्त कर्ज मिळते.

आमच्यावर असा आरोप होईल की तुम्हाला धंदाही मोडायचा आहे आणि धारवाल्याला वीसाचे तीसही द्यायचे आहेत, हे दोन्ही कसे जमणार? जमते. इटलीच्या उत्तरेला आल्प्सच्या कुशीत रेंदेना नावाचे खोरे आहे. डोंगराळ, गरीब मुलूख. तिथली माणसे पाठीवर चाकाची गाडी घेऊन धार लावत युरोपभर हिंडली, पुढे लंडन आणि न्यूयॉर्कला गेली. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी हॉटेलांना सुऱ्या भाड्याने देण्याचा उद्योग उभारला. ठरलेल्या दिवशी बोथट सुऱ्या न्यायच्या, धारदार आणून द्यायच्या आणि ठरलेले पैसे घ्यायचे. त्यांच्या पिन्झोलो गावात धारवाल्याचा पुतळा आहे. (पुतळ्यांची हौस आपल्याकडेही कमी नाही, पण अजून सायकल आणि चाक घेतलेला एकही पाहिला नाही.) तिथल्या पोराने धारवाला व्हावे किंवा डॉक्टर व्हावे, त्याच्या लग्नाला आणि घराला त्याने काही फरक पडला नाही. म्हणून तिथे धंद्याला किंमत आली. ज्या धंद्यातून बाहेर पडता येते त्याच धंद्याला भाव मागता येतो. बाहेर पडण्याची वाट बंद असेल तर समोरच्याला ठाऊक असते, हा पंधरालाही करील, दहालाही करील.

काम करताना शरीराची झीज होते ती वेगळीच. इंग्लंडातल्या शेफिल्ड शहरात सुऱ्या-काट्यांचे कारखाने होते. तिथे वालुकाश्माच्या चाकावर कोरडे काम करणारे मजूर एकोणिसाव्या शतकात फुप्फुसात धूळ साचून तरुणपणीच मरत. आता चाके कृत्रिम कुरुंदाची असतात, तो धोका कमी झाला. पण ठिणग्या आणि लोखंडाची भुकटी डोळ्यांत जायची ती जातेच. काकांच्या डोळ्यांवर साधा चष्माही नव्हता. विचारले तर म्हणाले, ‘चष्म्यानं धार दिसत नाही.’

फाटकावरच्या पाटीकडे पुन्हा येऊ. २०१४ चा पथविक्रेता कायदा फक्त भाजी-फळे विकणाऱ्यांचा आहे, असा आमच्या सोसायटीचाच नव्हे, पुष्कळ पालिका कर्मचाऱ्यांचाही समज आहे. कायद्याच्या व्याख्येत रस्त्यावर सेवा देणाराही येतो, आणि एका जागी न बसता फिरून धंदा करणाराही येतो. म्हणजे धारवाला हा कायद्याने पथविक्रेता आहे. त्याला सर्वेक्षणात नोंद मिळायला हवी, प्रमाणपत्र मिळायला हवे आणि त्या आधारावर पंतप्रधान स्वनिधीचे कर्जही. या कर्जाचा पहिला हप्ता २०२० मध्ये १०,००० होता, २०२५ मध्ये १५,००० केला. सोसायटीच्या आवारात येण्याचा हक्क हा कायदा देत नाही, हे आम्ही जाणतो. पण फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून त्याला ‘पुढं व्हा’ म्हणण्याचा अधिकार सोसायटीलाही नाही. ही माहिती आम्ही आमच्या सचिवांना दिली. ते म्हणाले, ‘चोऱ्या होतात हो. यांचा काही भरवसा?’ सचिव आपलेच आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर आहे, बुद्धमूर्ती आहे. १८७१ चा कायदा त्यांनी वाचलेला नाही, पण तो त्यांना पाठ आहे.

आता काकांच्या मुलाचे सांगतो, कारण सगळे पाणी तिथेच मुरते. मुलगा बारावीला आहे, पुढे डिप्लोमाला घालायचा आहे. जातीचा दाखला आणि पुढे पडताळणी हवी. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या माणसाचा आजा पाल पाठीवर टाकून गावोगाव फिरत होता, आणि ज्याला कोणताही पाटील तीन दिवसांपेक्षा जास्त टिकू देत नव्हता, त्याने १९६१ च्या आधीचा एका गावचा कागद आणायचा कुठून? शाळा? आजा शाळेत गेला नाही. सातबारा? जमीन नाही. घरपट्टी? घर नाही. गृहचौकशी करून दाखला देता येतो अशी सोय नियमांत आहे, परंतु चौकशी करा म्हणून सांगायलाही हेलपाटे घालावे लागतात. काकांचे पाच झाले. आम्ही सुरीच्या पात्यावर हिशोब केला. दिवसाची मजुरी बुडाली सहाशे, एस.टी. आणि झेरॉक्सचे दोनशे. एका हेलपाट्याला चाळीस सुऱ्या. पाच हेलपाट्यांना दोनशे.

आणि देशाचा हिशोब? २००८ मध्ये रेणके आयोगाने अहवाल दिला. त्याच्या अंदाजाने देशातले भटके-विमुक्त दहा कोटींहून जास्त. २०१८ मध्ये इदाते आयोगाचा अहवाल आला. २०२२ मध्ये केंद्राने या समाजांसाठी ‘सीड’ नावाची योजना काढली. शिक्षण, आरोग्य, उपजीविका, घरे, सगळे मिळून पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपये. भागाकार कोणीही करावा. माणशी वीस रुपयेही पडत नाहीत. पाच वर्षांत, एका माणसामागे, एका सुरीच्या धारेचे पैसे. काकांनी सांगितलेला दर आणि भारत सरकारने ठरवलेला दर एकच निघाला, आणि आम्ही त्यातही पाच कमी करायला निघालो होतो.

१ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरलेल्या जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३० एप्रिल २०२५ ला घेतला. भटक्या-विमुक्तांच्या संघटना आपल्यासाठी वेगळा रकाना मागत आहेत, ती मागणी आपलीही असली पाहिजे. गणना करणारा घरी येतो. ज्याला घर नाही, जो त्या दिवशी सायकल घेऊन चार गावे पलीकडे आहे, त्याची जात आणि त्याचा धंदा कोण लिहून घेणार? आमच्या वस्त्यांतल्या तरुणांनी आपापल्या भागातल्या पालांची, धारवाल्यांची, घिसाड्यांची यादी करून ठेवावी. जयंतीची वर्गणी गोळा करायला आपण प्रत्येक गल्लीत जातोच. १९६१ च्या कागदांसाठी तहसीलला खेटे घालणाऱ्यांबरोबर आपल्यातल्या वकिलांनी आणि नोकरदारांनी एकेक दिवस उभे राहावे. एक शिकलेला माणूस बरोबर असला की पाच हेलपाट्यांचे दोन होतात, हे आपण आपल्या घरच्या कामांत अनुभवलेले आहे.

आम्ही काकांना सुऱ्यांचे, कात्रीचे, विळीचे मिळून एकशेतीस रुपये दिले, सांगितले तेवढेच. मुलाच्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन पुढच्या रविवारी या म्हणून सांगितले. ते आले. फाटकापाशी वॉचमनने पुन्हा अडवले. आम्ही खाली उतरून रस्त्यावरच, सायकलच्या कॅरिअरवर कागद पसरून पाहिले. आज्याच्या नावाचा एक जुना कागद निघाला, एका देवस्थानच्या यात्रेत दुकान लावल्याची पावती, शाई उडालेली, साल अर्धे दिसते. शेवटचा आकडा नऊ आहे की सात, यावर आमच्यात बराच वेळ खल झाला. कोणताही असला तरी १९६१ च्या आतला आहे. सोमवारी ती पावती घेऊन आम्ही त्यांच्याबरोबर तहसीलला जात आहोत. फाटकावरच्या पाटीचा विषय सोसायटीच्या पुढच्या बैठकीत घ्यावा असे पत्र दिले आहे. विषयपत्रिकेवर तो सातवा आहे, लिफ्ट आणि रंगकामानंतर.